सर्दीचं कॅलेंडर आणि उशीखालची बाटली

मी नाक-कान-घशाची डॉक्टर. तुये, पार्से, मांद्रे, कोरगाव या बाजूची माणसं तपासायला आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, काजू मोहोरला आणि माझं नाक सुरू झालं." म्हणून आज काजूपासूनच बोलते.

मोहोर डोळ्यांना दिसतो, त्याचा वास येतो, त्यामुळे आळ त्याच्यावर जातो. पण काजूचे परागकण चिकट असतात. माश्या, मुंग्या, मधमाश्या ते इकडून तिकडे नेतात. वाऱ्यावर ते फार लांब जात नाहीत. त्या उग्र वासाने एखाद्याचं नाक चुरचुरेल, ते वेगळं. अख्ख्या वाड्याला शिंका आणायच्या तर पराग हलके, कोरडे आणि पुष्कळ असावे लागतात. असे पराग बहुतेक अशा फुलांतून येतात, ज्यांना आपण फूल म्हणून ओळखतच नाही. मेरेवरच्या गवताचा तुरा, किनाऱ्यावरचे सुरू, आणि भातसुद्धा! भात हे गवतच. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात भाद्रपदाच्या आसपास फुलतं. लोंबीवरची इवली फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. गवताच्या परागाचा एक कण मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. तो दिसणार कसा?

मग काजूच्या दिवसांत शिंका का येतात? त्याच दिवसांत झाडाखालचा पातेरा झाडून जाळतात, हे आठवा. धूर आणि धूळ. तसंच चतुर्थीचं. माळ्यावरचं सामान उतरतं, पावसाळाभर ओल धरलेल्या भिंती झाडल्या जातात. बुरशी आणि धुळीतले बारीक जीव, ज्यांना माइट म्हणतात, ते सगळे एकदम नाकात. बाहेर भात फुललेलं असतंच. घर झाडताना नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा.

फोनवर परागांचा आकडा दिसतो, तो बघून घराबाहेर पडायचं का, असं हल्ली तरुण मुलं विचारतात. तो आकडा बहुधा गणिताने काढलेला अंदाज असतो. तुयेच्या माळावरची हवा यंत्रात ओढून, कण मोजून तो काढलेला नसतो. चंदीगडमध्ये पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या परागांचं कॅलेंडर केलं आहे, पण ते चंदीगडचं. आपलं कॅलेंडर आपण करायचं. भिंतीवर कालनिर्णय आहे ना? ज्या दिवशी शिंका आल्या त्या तारखेवर फुली मारा, बाजूला दोन शब्द लिहा: शेतात गेलो, गोधडी काढली, पातेरा जाळला. वर्षभराच्या त्या फुल्या मला अर्ध्या तासाच्या गप्पांपेक्षा जास्त सांगतात.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे आले ते सांगते. फार्मसीतून आणलेले, नाक मोकळं करणारे थेंब. बाटलीवरचं नाव वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलं असेल तर ते तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे एक थेंबही नाही. हे औषध नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. दोन मिनिटांत श्वास मोकळा. पण रोज टाकत राहिलात तर अंमल उतरला की त्याच रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा बंद, पुन्हा थेंब. मग ॲलर्जीचे दिवस संपतात, पराग जातात, आणि नाक मात्र थेंबांमुळेच बंद राहतं.

माझ्याकडे एक पायलट यायचा, मोटरसायकल-टॅक्सीवाला. शर्टाच्या खिशात बाटली, उशीखाली दुसरी. चार वर्षं! "थेंब नसले तर झोप येत नाही, डॉक्टर." अरे बाबा, झोप त्या थेंबांनीच घालवली! आधी एका नाकपुडीचे थेंब बंद केले, मग दुसरीचे. सोबत सूज उतरवणारा फवारा दिला. पहिले काही दिवस त्याने फार त्रासात काढले. आणि आयांनो, मोठ्यांच्या बाटलीतले थेंब तान्ह्या मुलाच्या नाकात कधीही घालू नका. "थोडंच घातलं" हे मला ऐकवू नका. मी अशी मुलं पाहिली आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांनीही विचारल्याशिवाय या थेंबांना हात लावायचा नाही. नुसत्या मीठपाण्याचे, सलाईनचे थेंब मिळतात, त्यांची ही गोष्ट नव्हे. ते खुशाल वापरा.

नाक घरी धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, विहिरीचं थेट नको. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा दोन दिवसांत गुण नाही म्हणून टाकून देऊ नका. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. फवाऱ्याचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे धरा. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन स्कूटर चालवू नका. छातीत सूं-सूं वाजलं, रात्री खोकल्याने जाग आली, तर ती सर्दी समजू नका, दवाखाना गाठा.

आणि माझ्याकडे याल तेव्हा फुल्या मारलेलं कॅलेंडर आणा, उशीखालची ती बाटलीही आणा. रिकामी असली तरी आणा. मी रागावणार नाही.