गोलरक्षकाचा हिशेब

विषय फुटबॉलचा आणि बोलणारा कवी, हे ऐकून तुम्हाला नवल वाटलं असेल तर हरकत नाही. मी खेळाडू नाही. पण लहानपणी घाटकोपरला पावसाळ्याचे महिने मी गोलमध्ये उभा राहून काढले आहेत. गोल म्हणजे दोन बाजूंना ठेवलेल्या चपला. मुंबईतल्या पोरांचं वेळापत्रक ठरलेलं असतं: जमीन कोरडी असेपर्यंत क्रिकेट, चिखल झाला की फुटबॉल. ज्याला धावता येत नाही तो गोली. मला लवकर दम लागायचा, म्हणून मी गोली.

त्या जागेवर उभं राहिल्यावर एक गोष्ट फार लवकर कळते. पुढं खेळणारा पोरगा पाच संधी वाया घालवतो आणि सहाव्या वेळी गोल मारतो, तर त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोली पाच अडवतो आणि सहावा सुटतो, तर घरी जाताना सगळी आळी त्या सहाव्याबद्दलच बोलत असते. आधीचे पाच कुणालाही आठवत नाहीत. कधी कधी गोलीलाही नाही.

मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा, १९८४ साली, पेपरात एक बातमी वाचली. आदल्या हंगामात बंगालबरोबर संतोष करंडक वाटून घेतलेल्या गोव्यानं १९८३-८४च्या हंगामात तो एकट्यानं जिंकला होता. गोव्याच्या गोलमध्ये उभे होते ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचे, साळगावकर क्लबकडून खेळणारे. त्या स्पर्धेत त्यांनी सलग ५७६ मिनिटं एकही गोल होऊ दिला नव्हता. मी ती बातमी कापून वहीत चिकटवली. त्यांना खेळताना मी कधीच पाहिलं नाही. माझ्यासाठी ते पेपरातलं एक नाव आणि एक आकडा होते, पण आपल्या बाजूचा माणूस सापडल्यासारखं वाटलं होतं.

अब्बा तेव्हा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. रात्रपाळी करून आले की अम्मी चहा ठेवता ठेवता विचारायची, "काय झालं आज?" आणि ते म्हणायचे, "काही नाही." मी त्यांना कात्रण दाखवलं. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "नऊ तास छत्तीस मिनिटं. म्हणजे आमच्या पाळीपेक्षा दीड तास जास्तच. ओव्हरटाइम मिळाला का त्यांना?"

थट्टा होती, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. शंखवाळकर १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कर्णधार होते. दिवस असे की जून १९८३ मध्ये कपिलदेवच्या संघानं विश्वचषक आणला होता आणि देशाला दुसरा खेळ दिसेनासा झाला होता. आमच्या आळीत कपिल पंधरा होते, शंखवाळकर कुणालाच व्हायचं नव्हतं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली, म्हणजे त्या ५७६ मिनिटांनंतर तेरा वर्षांनी. पद्मश्री जाहीर झाली २०२२ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला, पण वहीतलं कात्रण तोवर पिवळं पडून भुगा व्हायला आलं होतं, हेही खरं.

आता थोडं दूर जाऊ, जर्मनीत. गोलरक्षकाला मान देणारा देश म्हणून जर्मनीचं नाव घेतात, आणि तिथला ऑलिव्हर कान हा माझ्या पिढीनं टीव्हीवर पाहिलेला सर्वांत दरारा असलेला गोली. जन्म कार्ल्सरूचा, १९६९चा. १९९४ मध्ये बायर्न म्युनिकमध्ये आला आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिला. खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडत नसे. सतत ओरडणारा, आपल्याच बचावपटूंवर खेकसणारा. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडनं जादा वेळेत दोन गोल मारून त्याच्या हातातला चषक काढून घेतला. दोन वर्षांनी मिलानमध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध त्यानं पेनल्टी शूटआउटमध्ये तीन फटके अडवले आणि चषक जिंकला. जिंकल्यावर समोरचा गोली कान्यिझारेस रडत होता, त्याच्याजवळ जाऊन हा त्याची समजूत काढत बसला. त्या दिवसापासून माझं मत थोडं बदललं.

मग आला २००२चा विश्वचषक. ३० जून, रविवार, योकोहामा. आपल्याकडं दुपारचे साडेचार. आम्ही तोवर मुलुंडला राहायला गेलो होतो. अब्बा निवृत्त झालेले, बाहेर मुसळधार पाऊस. अंतिम फेरीपर्यंतच्या सहा सामन्यांत कानवर एकच गोल झाला होता. जर्मनी तिथवर पोचली ती बरीचशी त्याच्या हातांवर. ब्राझीलविरुद्ध ६७व्या मिनिटाला रिव्हाल्डोचा फटका आला. असे फटके कान झोपेतही धरेल. चेंडू छातीवरून निसटला, रोनाल्डो धावत आला आणि गोल. पुढं रोनाल्डोनंच दुसरा मारला. सामना संपल्यावर कान पोस्टला टेकून एकटाच बसून राहिला. बोटाला दुखापत झालेली होती, पण त्यानं ती सबब पुढं केली नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोन्याचा चेंडू त्यालाच मिळाला. विश्वचषकात हा मान मिळालेला आजवरचा तो एकमेव गोलरक्षक. तरी आज कुणालाही विचारा, आठवतो तो निसटलेला चेंडूच.

अब्बा बराच वेळ पडद्याकडं बघत होते. मग म्हणाले, "आधीच्या सहा मॅचमध्ये किती गेले होते?"

"एक."

"हं," म्हणाले. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती.

बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी एक काच असते. एका रात्री त्यांना ती काच रिकामी दिसली. अशा वेळी घाबरून गार पाणी आत सोडलं, तर ते तापलेल्या लोखंडावर पडून त्याची एकदम वाफ होते आणि बॉयलर फुटू शकतो. अब्बांनी पाण्याला हात लावला नाही. आग बंद केली आणि लोकांना बाहेर काढलं. बॉयलर आपसूक निवेपर्यंत वाफ नाही, वाफ नाही म्हणून काम नाही. दोन दिवसांनी त्यांना मेमो मिळाला. उत्पादन बंद राहिल्याबद्दल.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सही केली."

"अम्मीला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? झालं काय होतं?"

त्यावर मला काही सुचलं नाही. टीव्हीवर ब्राझीलचे खेळाडू नाचत होते.

अब्बा २००७ मध्ये गेले. पुढच्या वर्षी, २७ मे २००८ रोजी, ऑलिव्हर कान आपल्या देशात आला. बायर्न म्युनिककडून त्याचा निरोपाचा सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर होता, मोहन बागानविरुद्ध. तोवर त्यानं आणखी एक घाव सोसला होता. २००६चा विश्वचषक त्याच्या स्वतःच्या देशात झाला, आणि जर्मनीच्या गोलमध्ये जागा मिळाली ती येन्स लेमनला. कान राखीव म्हणून संघात राहिला. अर्जेंटिनाविरुद्ध शूटआउट सुरू होण्याआधी मैदानात जाऊन त्यानं लेमनचा हात हातात घेतला. माझ्या मते त्याच्या ८६ आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा तो क्षण मोठा, जरी त्या दिवशी तो खेळलाच नव्हता.

कोलकात्यात लाखाहून अधिक लोक आले होते. बायर्ननं सामना ३-० असा जिंकला. दुसऱ्या अर्धात काही मिनिटं झाल्यावर कान बदली खेळाडूला जागा देऊन बाहेर निघाला. तोवर त्याच्यावर एकही गोल झालेला नव्हता. परक्या देशातल्या एका गोलीसाठी बंगाल्यांनी केलेला तो गजर ऐकत मुलुंडच्या घरात मीही एकटाच टाळ्या वाजवत होतो.

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही."