अंबत्तूरची नवी कोठारे

चेन्नईहून अरक्कोणमकडे जाणारी लोकल गाडी विल्लिवाक्कम आणि कोरट्टूर मागे टाकून पुढे गेली की पट्टरवाक्कम व अंबत्तूर ही दोन स्थानके लागतात. त्यांच्या लगत पसरलेली औद्योगिक वसाहत १९६४ साली उभी राहिली. ती वसवणाऱ्या तत्कालीन मद्रास राज्याच्या मंत्रिमंडळात उद्योगखाते र. वेंकटरामन यांच्याकडे होते. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. ह्याच मार्गावर थोडे पुढे आवडी आहे. तेथे जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला होता. अंबत्तूरची वसाहत त्या ठरावाचे एक साधे, विटामातीचे रूप होते असे म्हणता येईल. लहान कारखानदाराजवळ कसब असते. रस्ता बांधण्याची, वीज खेचून आणण्याची, पाण्याची सोय करण्याची ताकद नसते. ते काम समाजाने एकदाच, सर्वांसाठी करावे आणि मग ज्याने त्याने आपले लेथयंत्र चालवावे, अशी ती कल्पना होती. बाराशे एकरांहून अधिक जागेवर सायकलीचे, मोटारींचे, पंपांचे सुटे भाग घडू लागले आणि खेड्यांतून आलेल्या हजारो तरुणांनी येथे हातात पहिल्यांदा अवजार धरले.

ह्याच वसाहतीत गेल्या काही वर्षांत निराळ्याच प्रकारच्या इमारती दिसू लागल्या आहेत. उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या, कडक पहाऱ्याच्या. मालाची ने-आण नाही, पाळी सुटण्याचा भोंगा नाही. ही माहितीची कोठारे होत. व्यवहारात त्यांना डेटा सेंटर म्हणतात. जपानच्या एनटीटी कंपनीचे केंद्र येथे आहे. रिलायन्स, ब्रुकफील्ड आणि डिजिटल रियल्टी यांच्या भागीदारीतील कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये दहा एकरांच्या आवारात २० मेगावॅटचे केंद्र सुरू केले. ते आवार पुढे १०० मेगावॅटपर्यंत वाढवण्याची योजना आहे. धान्याच्या कोठाराचे माप खंडीत होते, ह्या कोठारांचे माप विजेत होते. आत रात्रंदिवस चालणारी गणकयंत्रे असतात. त्यांनी वापरलेल्या विजेची अखेर उष्णता होते, ती उष्णता बाहेर काढण्यासाठी आणखी वीज लागते, आणि वीज क्षणभरही खंडित होऊ नये म्हणून विद्युतघट आणि डिझेलवरची जनित्रे सज्ज ठेवावी लागतात. कारखान्यांसाठी आणलेल्या मोठ्या दाबाच्या वीजवाहिन्या, रुंद रस्ते आणि मोठे भूखंड हे सारे अंबत्तूरला आयते होते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली आणि महापे येथे, जुन्या कारखान्यांच्या शेजारी हीच बिनखिडक्यांची घरे उभी आहेत. मुंबई आणि चेन्नई ह्या दोन शहरांचीच निवड का झाली, ह्याचे उत्तर जमिनीवर नाही, समुद्रात आहे.

अंबत्तूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर बंगालचा उपसागर आहे. १८७० साली मुंबईचा किनारा समुद्रतारेने एडनशी जोडला गेला आणि पाठोपाठ, १८७०-७१ मध्ये, मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापूरपर्यंत तार पडली. पश्चिमेचे दार मुंबई आणि पूर्वेचे दार मद्रास ही वाटणी तेव्हा झाली, ती आजही टिकून आहे. तांब्याच्या जागी आता केसाएवढ्या काचतंतूंच्या जोड्या असतात. त्यांतून प्रकाशाची स्पंदने धावतात, आणि साठ ते शंभर किलोमीटरवर बसवलेली उपकरणे मंदावलेल्या प्रकाशाला पुन्हा बळ देतात. त्या उपकरणांना लागणारी वीज किनाऱ्यावरूनच तारेतून पुरवली जाते. आंतरजाल हवेत तरंगते ही समजूत भ्रमणध्वनीने रूढ केली आहे. वस्तुतः देशोदेशींची जवळजवळ सारी ने-आण समुद्राच्या तळाशी चालते, आणि मच्छिमारी जाळी व जहाजांचे नांगर हे तिचे नेहमीचे वैरी आहेत.

जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडील निम्म्याच्या आसपास वाहतूक एकाएकी थांबली. कारभार चालू राहिला तो पूर्वेच्या दारामुळे. चेन्नईहून सिंगापूरला जाणारी आयटूआय ही तार २००२ साली आणि टाटांची तार २००४ साली सुरू झालेली होती; अडलेली वाहतूक वळवण्यास त्या उपयोगी पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तारा तुटल्या, तेव्हाही हाच धडा मिळाला.

परंतु तारा आल्या म्हणजे पाया झाला, असे मात्र नाही. येथेच ह्या विषयाचे मर्म आहे आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. खाजगी सेवादारांना १९९८ पासून परवाने मिळू लागले; पण परदेशी दळणवळणाची मक्तेदारी २००२ पर्यंत निगमाकडेच होती. ती गेल्यावरही तारेचे किनाऱ्यावरचे ठाणे ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर इतरांचा प्रवेश अवलंबून राहिला. म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाला २००७ मध्ये ह्या ठाण्यांतील प्रवेशासाठी नियम करावे लागले. समुद्र सर्वांचा असला तरी धक्का कोणाचा, हा प्रश्न बंदरांइतकाच जुना आहे.

दुसरी उणीव ह्याहून विचित्र होती. दोन भारतीय सेवादारांच्या जाळ्यांना देशात एकमेकांशी जोडणारी सामाईक जागाच नव्हती. पुण्याचे पत्र कोल्हापूरला लंडनमार्गे जावे, तसा एका शहरातल्या दोन ग्राहकांमधील संदेश अमेरिकेला किंवा सिंगापूरला जाऊन परत येई, आणि दोन्ही फेऱ्यांचे मोल परकीय चलनात द्यावे लागे. १९ जून २००३ रोजी 'निक्सी', म्हणजे भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र, स्थापन झाले. दिल्लीजवळ नोएडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे त्याची विनिमयस्थाने उघडली. विनिमयस्थान म्हणजे एका खोलीतील काही यंत्रे, दिसायला क्षुल्लक. पण सेवादारांनी तेथे येऊन आपापली जाळी जोडायची आणि गावातला माल गावातच पोचवायचा, ही सोय अंबत्तूरच्या सामाईक रस्त्याच्याच जातीची आहे. दुर्दैवाने निक्सीच्या आकारणीचे नियम दीर्घकाळ असे होते की, माहिती मागणाऱ्या लहान सेवादारावर भार पडे आणि चित्रपट वा चित्रफिती साठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तेथे येण्याचे आकर्षण नसे. पुढे खाजगी विनिमयस्थाने निघाली आणि त्यांनी वाहतुकीत सरकारी स्थानांना मागे टाकले. सरकारने योग्य वेळी योग्य वास्तू उभारली, पण उंबरठा उंच ठेवला, असेच ह्याविषयी म्हणावे लागते.

उंबरठ्याचा परिणाम किती होतो, ह्याचा पुरावा नावांच्या नोंदणीत आहे. भारताचे 'डॉट इन' हे नामक्षेत्र आरंभी मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पाहत असे. आयआयटी मद्रास व इतर शिक्षणसंस्थांच्या जोडीने 'एर्नेट' हे शैक्षणिक जाळे १९८६ पासून विणणाऱ्या संस्थांपैकी ती एक. केंद्रातील मंडळी विद्वान आणि निःस्पृह होती, परंतु नाव देण्याचे नियम फार कडक होते. १९९२ ते २००४ ह्या काळात सुमारे ७ हजारच नावे नोंदली गेली. जानेवारी २००५ पासून नोंदणी निक्सीकडे आली, नियम सैल झाले, आणि मार्च २०१० पर्यंत हा आकडा ६ लाखांवर गेला. ह्यासाठी एकही नवी तार टाकावी लागली नव्हती. २०१४ मध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' आले आणि मराठीत पत्ता लिहिण्याची वाट मोकळी झाली. तिच्यावर अजून वर्दळ नाही, ह्याचा दोष मात्र सरकारला देता येणार नाही.

आकड्यांच्या पत्त्यांची गोष्ट निराळी. जुन्या पद्धतीत जगभरात सुमारे ४२९ कोटीच पत्ते होते. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. १४० कोटींहून अधिक वस्तीच्या भारताकडे त्यांतले जेमतेम ४ कोटी आले. उशिरा पंगतीला बसणाऱ्याच्या पानात जे पडते ते हे. तथापि नव्या, अफाट साठ्याच्या पद्धतीकडे भारत इतर अनेक प्रगत देशांच्या आधी वळला, कारण जुन्या घरात त्याला जागाच नव्हती.

हे ध्यानात घेऊन पुन्हा अंबत्तूरकडे पाहावे. १०० मेगावॅटच्या आवारात कायम काम करणारी माणसे शेकड्यांतच मोजावी लागतील. तेवढ्या जागेत व विजेत हजारोंना काम देणारे कारखाने चालू शकतात. तमिळनाडू सरकारने २०२१ च्या धोरणाने ह्या कोठारांना सवलती देऊ केल्या. त्या देऊ नयेत असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून अंदमान-निकोबारपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरची तार सरकारी निधीतून सुरू झाली, तेव्हा उपग्रहाच्या अरुंद वाटेवर कंठलेल्या बेटांना केवढा दिलासा मिळाला! पाया घातल्याने काय होते ते तेथे दिसले. पण सवलत घेणाऱ्या कोठारात शेजारच्या लहान उद्योजकाला आणि जिल्ह्याच्या गावातील लहान सेवादाराला परवडेल अशा दराने एक कप्पा मिळावा, ही अट सवलतीबरोबरच लिहिली जावयास हवी. मागाहून नियम करण्यात काय वेळ जातो, ते किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी दाखवले आहेच.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पावसाने अंबत्तूरच्या वसाहतीत पाणी भरले. लहान कारखान्यांतील यंत्रे आणि कच्चा माल भिजला, आणि कित्येकांचे काम बरेच दिवस बंद राहिले. नवी कोठारे उंच जोत्यावर बांधतात; लेथयंत्र जमिनीवरच उभे असते. पावसाचे पाणी वाहून नेणारे नाले मात्र त्या दोघांना एकच आहेत.