आपल्या खासदारांचं प्रगतिपुस्तक

(बोरी बुद्रुक येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी चहा पिताना मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत किती मतांनी मंजूर झालं? तीन-चार जणांनी एका दमात सांगितलं, 288 विरुद्ध 232. राज्यसभेचा आकडाही एकीला पाठ होता, 128 विरुद्ध 95. 2025 च्या एप्रिलमधल्या त्या दोन रात्री आपल्यापैकी बरेच जण मोबाइल घेऊन जागे होते. आपल्या खासदारानं कोणतं बटण दाबलं, हे सकाळपर्यंत गावभर झालं होतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. 2023 मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. कोणत्या जमिनीला जंगल म्हणायचं, याची व्याप्तीच त्या दुरुस्तीनं कमी केली. त्या वेळी आपल्या खासदारानं काय केलं? सगळे गप्प. यात तुमची चूक नाही. ते विधेयक 26 जुलैला लोकसभेत आणि 2 ऑगस्टला राज्यसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. बाजूचे ‘हां’ म्हणतात, विरोधातले ‘ना’ म्हणतात, अध्यक्ष आवाजाचा अंदाज घेतात आणि कायदा होतो. कोण काय म्हणालं, याची नावानिशी नोंद होत नाही. सकाळी आपण कुकडीच्या काठावर गेलो होतो. त्या थरात ज्वालामुखीची राख आहे, आणि ती इंडोनेशियातल्या टोबाची, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची, असं अनेक अभ्यासक मानतात. नदीनं ती जपली. आपल्या संसदेतला तीन वर्षांपूर्वीचा ‘हां’ मात्र कुणाचा होता ते सापडत नाही. असो.

आता विषयाकडे येतो. लोकप्रतिनिधींना पर्यावरणाच्या कामावरून गुण देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. 1970 मध्ये तिथं ‘लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स’ ही संस्था सुरू झाली. त्याच वर्षी दुसऱ्या एका संघटनेनं पर्यावरणाच्या बाबतीत सर्वात वाईट अशा बारा खासदारांची यादी काढली आणि निवडणुकीत त्यातले सात पडले. तेव्हापासून तिथल्या नेत्यांना या यादीची धास्ती वाटू लागली. लीगची पद्धत साधी आहे. वर्षभरात हवा, पाणी, जंगल, ऊर्जा यांवर झालेल्या मतदानांतली महत्त्वाची मतदानं पर्यावरण संघटनांचे जाणकार निवडतात. बाजूनं मत दिलं की गुण, विरोधात दिलं की शून्य. शेवटी शंभरपैकी आकडा.

यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे गैरहजेरी. तिथं गैरहजर राहिलेला खासदार विरोधात गेला असं धरतात. जॉन मॅकेन हे 2008 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. 2007 सालच्या यादीत त्यांना शून्य गुण मिळाले, कारण प्रचारात गुंतल्यामुळे निवडलेल्या पंधराही मतदानांना ते हजर नव्हते. अन्याय वाटतो ना? त्यांच्या समर्थकांनाही वाटला असेल. पण ज्या दिवशी नदीचा निकाल लागतो त्या दिवशी तुम्ही कुठं होतात, हे विचारायचा हक्क मतदाराला आहेच.

दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही उद्या तसंच्या तसं उचलाल. कोणती मतदानं निवडायची हे संघटना ठरवते, म्हणजे निम्मा निकाल तिथंच लागतो. आणि आज तिथं एका पक्षाचे बहुतेक लोक नव्वदीच्या आसपास आणि दुसऱ्याचे बहुतेक दहाच्या आसपास दिसतात. म्हणजे प्रगतिपुस्तकात माणूस दिसायचा सोडून पक्षच दिसू लागला आहे.

आपल्याकडे तर पक्ष सुरुवातीपासूनच दिसणार. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. पक्षानं व्हिप काढला आणि तुम्ही उलट मत दिलं, किंवा मतच दिलं नाही, तर खासदारकी, आमदारकी जाऊ शकते. आमदार फोडाफोडी थांबावी म्हणून हा कायदा केला. ती किती थांबली हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. पण एखाद्या आमदाराला जंगलाच्या बाजूनं पक्षाविरुद्ध हात वर करता येत नाही, हे मात्र पक्कं झालं.

तरीही मतांचं गणित सोडा असं मी म्हणणार नाही. लोकसभेत एखादाही सदस्य आवाजी निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागू शकतो. अध्यक्ष कधी बटणांऐवजी नुसतं उभं राहायला सांगून डोकी मोजतात, तेव्हा नावं राहत नाहीत. पण मागणी तर करता येते. आपल्या खासदारानं वनविधेयकावर ती केली का, हा पहिला प्रश्न.

दुसरी अडचण याहून मोठी आहे, आणि ती आपल्या दाराशी आहे. 30 जुलै 2014. आंबेगावात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेलं माळीण. सकाळी डोंगर खाली आला आणि सुमारे दीडशे माणसं गेली. त्याआधीच, 2011 मध्ये माधव गाडगीळ समितीनं आणि 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीनं पश्चिम घाटाचे अहवाल दिले होते. त्यावर केंद्रानं 2014 मध्ये अधिसूचनेचा मसुदा काढला. तो अंतिम न होता मुदत संपली, की नवा मसुदा. सहावा निघाला 31 जुलै 2024 ला, म्हणजे वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. वायनाडची तारीख 30 जुलै. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली होती. या मसुद्यात महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

आता गंमत बघा. या अधिसूचनेवर कुठल्याही सभागृहात मतदान झालं नाही आणि होणारही नाही. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मंत्रालय ती काढतं, लोकांकडून साठ दिवसांत हरकती मागवतं आणि पुढं सगळं फाइलीत. म्हणजे मतांवरून गुण दिले, तर आपल्या डोंगराचा सर्वात मोठा प्रश्न पानावर येतच नाही.

म्हणून आपलं प्रगतिपुस्तक वेगळं आखावं लागेल. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदारांची उपस्थिती, प्रश्नांची संख्या आणि दर्जा, गुन्हेगारी नोंदी असं बघून क्रमवारी लावते. दिल्लीची पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग मांडते. चांगला पाया आहे, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. काही वर्षांपूर्वी मी आणि दोन मित्रांनी पर्यावरण मंत्रालयाला कुणी किती प्रश्न विचारले ते मोजलं. एक खासदार भलतेच पुढं निघाले. आम्ही खूश, कौतुकाची पोस्टही टाकली. मग एका प्राध्यापिकेनं विचारलं, “प्रश्न वाचलेत का रे?” वाचले. त्यातले कितीतरी प्रश्न अमुक प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी अजून का रखडली, लवकर का देत नाही, असे होते. पोस्ट काढली. लाज वाटली ती वेगळीच.

तेव्हा प्रश्न वाचायचे. लोकसभेचं संकेतस्थळ खासदाराच्या नावानं प्रश्न आणि उत्तरं दाखवतं. विधिमंडळात तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना बघायच्या. मसुद्यावर लेखी हरकत किंवा पाठिंबा दिला का, हे त्यांनाच पत्रानं विचारायचं, आणि पत्राला उत्तर आलं नाही तर ‘उत्तर नाही’ असंच छापायचं. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. म्हणजे एक खासदार आणि दोन आमदार, तीन पानांचं काम आहे. जुन्नरच्या कागजी मंडळींनी एके काळी पेशवाईला कागद पुरवला, आपण तीन पानं तर भरू.

एक अट. मुद्दे आधी ठरवायचे, नावं नंतर बघायची. माळीणसारख्या गावांचं पुनर्वसन आणि दरडींचा इशारा, कुकडीचं पाणी आणि तिच्यात सोडलं जाणारं सांडपाणी, उसातला बिबट्या, घाटाची अधिसूचना. अधिसूचनेला विरोध म्हणजे शून्य, असं मला वाटत नाही. आपल्या शेतावर काय निर्बंध येतील ही भीती तिकडच्या आदिवासी शेतकऱ्याला खरी आहे. त्या भीतीला आपला प्रतिनिधी आकड्यांनी उत्तर देतो, की नुसता भडकावतो, एवढं बघायचं.

मघाशी मागे बसलेल्या एका बहिणीनं विचारलं, “सर, आधीच आपल्यावर सगळ्यांची नजर. त्यात आमदाराचे गुण आपण मुसलमानांनी काढायचे?” प्रश्न खरा आहे, मी तो हसण्यावारी नेणार नाही. निवडणुकीत उमेदवार मोहल्ल्यात येतो, कब्रस्तानच्या भिंतीचं आश्वासन देतो आणि जातो. आपणही त्याला दुसरं काही विचारत नाही. नदीचं त्यानं बाजूच्या गल्लीत सांगायचं, असं जणू ठरलेलंच. हे बदलायचं तर जोखीम थोडी आहेच. ती कमी करायला तीन पानं एकट्या आपल्या नावानं काढू नका. माळीणच्या बाजूची आदिवासी पोरं, इथले ऊस आणि कांदा लावणारे शेतकरी, एखादी शिक्षिका बरोबर घ्या. छापण्याआधी मसुदा त्या तिघांकडे पाठवा, पंधरा दिवस द्या, त्यांचं म्हणणं शेजारी छापा. आणि कुणाला मत द्या, हे कुठंही लिहू नका.

आता जेवायला चला. तीन वह्या टेबलावर ठेवल्या आहेत. खासदाराची वही कोण घेतंय?