अमेरिकन फटफटी आणि पुसेगांवचा रस्ता

मराठी माणसानें मोटारसायकलीला एक फार चपखल नांव दिलें आहे. तें म्हणजे फटफटी. तिचीं चाकें, तिचें तेल, तिची किंमत यांपैकीं कशाचाहि विचार न करतां त्यानें केवळ आवाजावरून तिचें बारसें केलें. आजच्या पुष्कळशा गाड्या इतक्या हळू चालतात कीं, त्यांना हें नांव शोभेनासें झालें आहे. परंतु अमेरिकेंत जन्मलेल्या एका विशिष्ट घडणीच्या गाडीला तें अजूनहि पूर्णपणें शोभतें. बसकी बैठक, पुढें पसरलेले पाय, रुंद हँडल, लांबलचक अंग आणि दोन सिलिंडरांचा तो खोल, तुटक नाद! या जातीला क्रूझर म्हणतात. अशी गाडी घ्यावी कीं घेऊं नये, आणि घ्यावी तर कोणत्या कारणासाठीं, हा प्रश्न मोठ्या शहरांतील श्रीमंतांचा आहे असें श्रोत्यांपैकीं कोणास वाटेल. पण तो आतां खेड्यांतल्या ओसरीवरहि येऊन बसला आहे.

उदाहरणादाखल पुसेगांव घ्यावें. हें पुसेगांव सातारा जिल्ह्यांतील श्रीसेवागिरी महाराजांच्या यात्रेचें नव्हे; हें हिंगोली जिल्ह्यांतलें, सेनगांव तालुक्यांतलें. संत नामदेवांची नर्सी येथून जवळ. जमीन काळी, पिकें सोयाबीन आणि हळद. अशा गांवांत एक कुटुंब आहे अशी कल्पना करावी. वडील शेती पाहतात. मुलगा पुण्याजवळ चाकणला कारखान्यांत नोकरीस आहे. महालक्ष्म्यांना आणि दिवाळीला तो घरीं येतो. या खेपेस जेवणें झाल्यावर तो म्हणाला, "दादा, मला ती अमेरिकन गाडी घ्यायची आहे. थोडे पैसे कमी पडतात." गेल्या हंगामांतील हळदीचे पैसे बँकेंत होते, आणि त्यांतून हळद शिजविण्याचें नवें यंत्र घ्यावयाचें असें घरांत ठरलें होतें. वडिलांनीं सुपारी कातरतां कातरतां एवढेंच विचारलें, "कशाला रे?"

या 'कशाला' चें उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. बहुतेक तरुण पहिलें कारण सांगतात तें वेगाचें, आणि तेंच सर्वांत लटकें आहे. ही गाडी मुळीं वेगासाठीं घडविलेलीच नाहीं. कमी किंमतीच्या कितीतरी गाड्या तिला सहज मागें टाकतील. ती कशासाठीं घडली हें समजण्यास तिचें माहेर पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन या दोन तरुणांनीं १९०३ सालीं आपला उद्योग आरंभिला. त्याच्या दोन वर्षें आधीं स्प्रिंगफील्ड येथें 'इंडियन' या नांवाची दुसरी कंपनी निघाली होती. (ती १९५३ सालीं बंद पडली, पुढें इतरांनीं तें नांव पुन्हा उभें केलें.) त्या देशांत गांवें दूर दूर, रस्ते लांबच लांब आणि पुष्कळ ठिकाणीं ओळंब्यानें आंखल्यासारखे सरळ. दिवस दिवस एकाच चालीनें जावयाचें, वारंवार गिअर बदलावयाचे नाहींत, आणि संध्याकाळीं उतरल्यावर मनगटें ठणकतां कामा नयेत. या गरजेंतून मोठें, संथ आणि कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देणारें एंजिन आलें; त्याच गरजेंतून आरामखुर्चीसारखी बैठक आली.

आवाजाचें रहस्यहि या एंजिनाच्या रचनेंतच आहे, आणि तें थोडें विस्तारानें सांगण्यासारखें आहे. हार्लेच्या प्रसिद्ध एंजिनांत दोन सिलिंडर एकमेकांशीं ४५ अंशांचा कोन करून बसविलेले असतात. दोन्ही दट्ट्यांचे दांडे मात्र फिरत्या आंसाच्या एकाच खुंटीला जोडलेले. चार टप्प्यांच्या एंजिनांत एक आवर्तन पुरें व्हावयास आंसाला दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, फिरावें लागतें. हे स्फोट सारख्या अंतरानें झाले असते तर दर ३६० अंशांना एक झाला असता. परंतु कोन आणि खुंटी यांच्या या जुळणीमुळें एका स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनींच होतो, आणि पुन्हा पहिल्याची पाळी येण्यास ४०५ अंश जावे लागतात. एक पाऊल लवकर, एक उशिरा. लंगडी घालणाऱ्या मुलीच्या पावलांचा जसा ठेका, तसा हा नाद. कंपनीला त्याचें इतकें अप्रूप कीं, १९९४ सालीं तिनें या आवाजाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंद व्हावी असा अर्ज केला. इतर कारखानदारांनीं हरकती घेतल्या, आणि अखेर २००० सालीं तो अर्ज मागें घेण्यांत आला. आवाज कोणाच्या मालकीचा झाला नाहीं तें बरेंच झालें.

बैठक आणि नाद हीं दोन कारणें खरीं आहेत. पुण्याहून अहिल्यानगर, बीड, परभणी असें करीत हिंगोलीस येणें हा सबंध दिवसाचा प्रवास आहे. ज्याला तो वर्षांतून चार-सहा वेळां करावयाचा, त्यानें पाठ ताठ राहील आणि दोन्ही तळपाय जमिनीवर पुरते टेकतील अशी गाडी शोधली, तर त्याला चैनीखोर म्हणतां येणार नाहीं. हार्लेच्या 'फॅट बॉय' या गाडीची बैठक जमिनीपासून जेमतेम २७ इंच उंच आहे. बेताच्या उंचीच्या माणसालाहि ती धाक घालीत नाहीं. मात्र याच बैठकीचा एक दोष विक्रेता सहसा सांगत नाहीं. पाय पुढें लांबविलेले असल्यामुळें खड्डा आला असतां पायांवर भार घेऊन अंग उचलतां येत नाहीं, आणि रस्त्याचा धक्का थेट पाठीच्या कण्यास बसतो. गुळगुळीत रस्त्यावर जें सुख, तेंच खडबडीत रस्त्यावर दुःख.

उरलें तिसरें कारण, नांवाचें. तें थोर लोकहि कबूल करीत नाहींत, पण असतें. दुसऱ्या महायुद्धांत या कंपनीनें लष्करासाठीं सुमारें ९०,००० गाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या कांहीं गाड्या हिंदुस्थानांतहि विकल्या गेल्या. दिल्लींत लोकांनीं त्यांच्या मागें दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर छप्पर घातलें आणि उतारूंची ने-आण सुरू केली. 'फटफट' या नांवानेंच त्या ओळखल्या जात, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या दिल्लीच्या रस्त्यांवर धांवत होत्या. आज ज्या नांवापुढें लोक हात जोडतात, तेंच नांव तेथें बाजारकऱ्यांचीं गांठोडीं वाहत होतें! गाडी वापरण्यासाठीं असते, याची याहून चांगली साक्ष कोठली?

या गाडीच्या पुनरागमनाशीं महाराष्ट्राचा जो संबंध आला, तो मोठा मौजेचा आहे. भारतांतील आंब्याला अमेरिकेनें १९८९ पासून दार बंद केलें होतें. फळमाशी आणि कोयींतला किडा यांची त्यांना धास्ती. इकडे भारतांत मोठ्या मोटारसायकली आणण्यावर प्रदूषणाच्या नियमांची आडकाठी होती. दोन्ही देशांत बोलणीं झालीं आणि २००७ सालीं दोन्ही दारें बरोबरच उघडलीं. नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें उभारलेलें एक किरणोत्सारी प्रक्रियेचें केंद्र होतें. तें मूळचें कांद्याला मोड येऊं नयेत म्हणून. त्याच केंद्रांत कोंकणच्या हापुसावर किरणांचा प्रयोग होऊन त्या वर्षीच्या एप्रिलांत आंबा अमेरिकेस पोंचला. आणि भारतानें ८०० सी.सी. आणि त्यावरील, युरोपांतील प्रदूषणाचे नियम पाळणाऱ्या गाड्यांना परवानगी दिली. रत्नागिरीच्या बागाईतदाराला आपल्या पेटीच्या मोबदल्यांत एक फटफटी येते आहे, याची त्या वेळीं कल्पना असेल असें वाटत नाहीं.

तरीहि गाडी लागलीच आली नाहीं, कारण जकात भारी होती. दुकानें उघडलीं तीं २०१० सालीं. २०११ पासून हरियाणांतील बावल येथें सुटे भाग जोडण्याचें काम सुरू झालें. जकातीविषयीं अमेरिकेनें पुढेंहि पुष्कळ तक्रार केली. ती ऐकतांना एक जुनी गोष्ट आठवावी. १९८३ सालीं जपानी गाड्यांपुढें हीच कंपनी बुडण्याच्या बेतांत असतां अमेरिकेच्या सरकारनें परदेशी मोठ्या मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली होती! कंपनी सांवरली, आणि १९८७ सालीं मुदतीपूर्वींच हें संरक्षण काढून घ्या असें तिनें आपण होऊन सांगितलें, हाहि तिचा मोठेपणा नमूद केला पाहिजे. भारतानें २०१८ सालीं ही जकात ५० टक्क्यांवर आणली, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकांत १६०० सी.सी.पर्यंतच्या तयार गाड्यांसाठीं ४० व त्यावरील गाड्यांसाठीं ३० टक्के केली.

मधल्या काळांत, सप्टेंबर २०२० मध्यें, कंपनीनें भारतांतील आपला कारखाना आणि विक्री आवरती घेतल्याचें जाहीर केलें. ज्यांनीं गाड्या घेतल्या होत्या त्यांच्या पोटांत गोळा आला. सुटे भाग कोण देणार? पुढच्याच महिन्यांत हिरो कंपनीशीं करार झाला आणि ती चिंता निवळली. या करारांतून जुलै २०२३ मध्यें 'एक्स ४४०' ही गाडी निघाली, तेव्हां तिची किंमत दोन लाख एकोणतीस हजारांपासून होती. चाकणच्या मुलाचें मन बसलें होतें तें हिच्यावरच. पण ती अमेरिकन म्हणावी काय? नांव मिल्वॉकीचें, घडण राजस्थानांतली. सिलिंडर दोन नसून एकच, म्हणजे तो लंगडीचा ठेका नाहीं. बैठक ८०५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३२ इंच उंच. तेव्हां ती खऱ्या अर्थानें क्रूझरहि नव्हे. गाडी वाईट मुळींच नाहीं. परंतु ज्या दोन खऱ्या कारणांचा वर उल्लेख झाला, तीं दोन्ही तिच्यांत नाहींत, आणि उरतें तें केवळ टाकीवरचें नांव. केवळ बसक्या बैठकीची आवड असेल तर पुण्याच्या बजाज कंपनीनें २००५ सालीं आणलेली 'अ‍ॅव्हेंजर' किंवा २०२० सालीं निघालेली एन्फील्डची 'मीटिओर' त्या कसोटीस अधिक उतरते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर उतरला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरील ४० टक्क्यांवर चढला.

आणि खरी अमेरिकन घ्यावयाची म्हटली तर? तिची किंमत कितीतरी अधिक. ती गोष्ट क्षणभर बाजूला ठेवूं. फॅट बॉयचें वजन ३०० किलोहून अधिक, आणि तिचें पोट जमिनीपासून साडेचार इंचांवर. पुसेगांवाहून हिंगोलीस जातांना शाळेपुढें, देवळापुढें आणि कोणा पुढाऱ्याच्या दारापुढें जे गतिरोधक भेटतात, त्यांच्याशीं या पोटाची गांठ पडणारच. उन्हाळ्यांत मराठवाड्याच्या उन्हांत तिचा मागचा सिलिंडर मांडी भाजून काढतो. उभ्या गाडीचें एंजिन फार तापलें कीं, मागचा सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची योजना कंपनीलाच करावी लागली आहे. पावसाळ्यांत काळ्या मातींत तिचा तिरपा टेकू रुततो आणि गाडी आडवी होते. खालीं फरशीचा तुकडा ठेवल्यावांचून ती उभी करतां येत नाहीं. आडवी झालेली गाडी उचलावयास दोन गडी लागतात.

सर्वांत मोठी विसंगति रस्त्याचीच. अमेरिकन सरळ रस्त्याशीं तुलना करण्यासारखा रस्ता महाराष्ट्रांत आतां झाला आहे. ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें खुला होत ५ जून २०२५ रोजीं पूर्ण झाला. हिंगोलीच्या शेजारच्याच वाशीम जिल्ह्यांतून तो जातो. परंतु त्यावर दुचाकींना मनाई आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरहि तीच मनाई. ज्या रस्त्यासाठीं ही गाडी घडली तो तिला बंद, आणि जो खुला आहे त्यावर ट्रॅक्टर, बैलगाड्या, उंसाचे ट्रक आणि रात्रीं बिनदिव्याच्या ट्रॉल्या! मनाईचें कारण प्रवाशांच्या जिवाचें आहे, म्हणून तीबद्दल रागावतां येत नाहीं. पण गाडी निवडतांना ती विसरूनहि चालत नाहीं.

हें सारें ओसरीवरच्या त्या दोघांत निघालें. मुलानें वेगाची गोष्ट आपण होऊन सोडून दिली. नांवाची मात्र त्यानें चटकन् सोडली नाहीं. "दादा, बारा वर्षें दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट आवळतों आहे. एक तरी आपल्या मनाची असावी," असें तो म्हणाला, आणि वडील त्यावर हंसले नाहींत. त्यांनीं इतकेंच सांगितलें कीं, हळदीचे पैसे यंत्राचे. त्यांना हात लागणार नाहीं. बाकी त्याच्या पगारांतून तो कोणतीहि गाडी घेवो. अट एकच. श्रावणांत, ओल्या अंगणांत, त्यानें ती गोठ्यांतून एकट्यानें उलटी ढकलून दारापर्यंत आणून दाखवावी.

"कोणती? हलकी कीं भारी?" मुलानें विचारलें.

"तुझ्यानें ढकलेल ती."

मुलगा उठला, कोनाड्यांतला टेप घेतला आणि गोठ्याच्या दाराची रुंदी मोजूं लागला.