फाटकावरची पाटी आणि गालातील तंबाखू

कारखान्यात ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी लावणे सोपे आहे. २००३ च्या कायद्याखालील नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड होऊ लागला. परंतु महाराष्ट्रातील व्यसनाचे खरे स्वरूप या पाटीच्या कक्षेत येतच नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत म्हणूनच फाटकाबाहेरच्या विडीपेक्षा आतील चुना-तंबाखूची चिमूट अधिक चिंतेची ठरते. तिला धूर नाही, काडी लागत नाही, यंत्र सोडून जावे लागत नाही. रात्रपाळीत झोप आणि भूक दोन्ही मारण्यासाठी ती गालात ठेवली जाते.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या पथकाने रत्नागिरी जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात वर्षभर राबविलेला कार्यक्रम या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रथम माहिती, मग तोंडाची तपासणी, नंतर समुपदेशन आणि ठराविक अंतराने पुन्हा भेट, असा त्याचा क्रम होता. भेटीगणिक तंबाखू सोडणारे वाढत गेले व वर्षअखेरीस त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर पोचले. एखाद्या व्याख्यानाने, मग ते कितीही रसाळ असो, हे साधत नाही. निकोटिन बंद झाल्यावरची चिडचिड पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते. डॉक्टर निघून गेल्यावरच कामगाराची परीक्षा सुरू होते.

व्यवस्थापनाने एक पथ्य अवश्य पाळावे. व्यसन आढळले म्हणून मेमो मिळणार असेल, तर कोणीही तोंड उघडणार नाही. आणि मग गालातील पांढरा चट्टाही वेळीच दिसणार नाही.

खरी अडचण कंत्राटी कामगाराची आहे. पुढील भेटीच्या वेळी तो त्याच कारखान्यात असेल, याची शाश्वती नसते. त्याचे गाव मात्र ठाऊक असते. तेथील ग्रामपंचायत व शिक्षक त्याची विचारपूस चालू ठेवू शकतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे, तीही त्यांनीच अमलात आणावयाची आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक लिहून दिल्यास नोकरी बदलल्यानंतरही त्याला समुपदेशकाशी बोलता येईल.