पिढ्या लिहून ठेवा, जमिनीचा पुरावा त्यातच आहे

(गाव-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. सभेत अर्धं भिलोरीत बोललो, इथं सगळं मराठीत घातलं आहे.)



आम्ही बारावीपर्यंत शिकलो. मोठं भाषण आम्हाला जमत नाही. वनहक्काचे दावे भरायला आम्ही पाड्या-पाड्यावर फिरतो, त्यात जे दिसलं तेवढंच सांगतो.

वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर एका भावाचा दावा भरायला गेलो. त्यानं तांदळाच्या कणगीमागून प्लास्टिकची पिशवी काढली. आत जंगल खात्याची दंडाची जुनी पावती. आम्हाला लई आनंद झाला, म्हटलं पुरावा मिळाला! पण पावती होती आज्याच्या नावाची. आज्याचं नाव बुध्या, पुढं आडनाव नाही. बापाचं नाव मतदार यादीत एक, रेशनकार्डावर दुसरं. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव तिसरंच. तालुक्याला साहेबांनी विचारलं, "हा बुध्या तुझा कोण? कशावरून?"

त्याच्या आज्याची धाकटी बहीण तेव्हा जिवंत होती. कोण कुठून आलं, कुणी कुठला उतार साफ केला, कुणाला किती पोरं, सगळं तिला पाठ. आम्ही म्हटलं, दिवाळीनंतर निवांत येऊ, तिचा जबाब लिहू. म्हातारी पावसाळ्यातच गेली. दावा अजून पडून आहे. साहेबांची चूक आहेच, पण आमचीही आहे. वही आमच्या पिशवीत होती आणि म्हातारी चुलीपाशी बसलेली होती. लिहायला एक दुपार लागली असती.

म्हणून आज कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासीला विचारतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुझ्या ताब्यात होती का. तीन पिढ्यांची, ७५ वर्षांची अट आपल्याला नाही, ती इतर पारंपरिक वननिवासींना आहे. कुणी साहेब आपल्याकडं ७५ वर्षं मागत असेल तर त्याला तिथंच थांबवा. मग पिढ्या कशाला लिहायच्या? कारण जुना कागद असतो आज्याच्या नावानं आणि दावा असतो नातवाच्या नावानं. या दोघांना जोडणारा दोर म्हणजे वंशावळ. कायद्याच्या २००८ च्या नियमांत १३ वा नियम पुराव्याचा आहे. त्यात वंशावळ आहे, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब आहे, जुनी विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा आहे, शेताचे बांध आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांचं बोलणं हे नुसत्या गप्पा नाहीत, सरकारनंच त्याला पुरावा म्हटलं आहे.

आता गाव बसल्याची गोष्ट. आपल्या सातपुड्यात प्रत्येक गावाची अशी एक गोष्ट आहे. पहिला माणूस कुऱ्हाड आणि बियाणं घेऊन आला. कुणी दुष्काळातून आला, कुणी सावकाराच्या, वेठबिगारीच्या जाचातून पळाला, कुणी भावाशी भांडून निघाला. पाणी बघितलं, मोहाची झाडं बघितली, देवाचा दगड बसवला, शिव ठरवली. मग बायकोचे भाऊ आले, सोयरे आले, पाडे वाढले. आज आपल्याला अतिक्रमणदार म्हणतात. ही गोष्ट लिहिलेली असली तर आपण विचारू शकतो, आधी गाव का आधी खातं?

पण एक लक्षात ठेवा. जे खरं आहे तेच लिहा. काही पाडे जुने आहेत, काही आपल्या बापांनी बसवले. नवीन पाड्याला शंभर वर्षांचा म्हणू नका. एक खोटं सापडलं की गावाच्या सगळ्या खऱ्या दाव्यांवर पाणी पडतं.

सन कसा काढायचा? म्हाताऱ्याला "किती साल?" विचारलं तर तो म्हणतो, मला काय माहीत. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, तो तर मास्तरनं अंदाजानं टाकलेला. म्हणून साल विचारू नका, खूण विचारा. छप्पन्या दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. मानमोडीची साथ १९१८ ची. नर्मदेचा मोठा पूर १९७० चा. बहात्तरचा दुष्काळ, नसबंदीची धरपकड, हे तर पुष्कळांनी डोळ्यांनी बघितलं आहे. "पूर आला तेव्हा हे शेत होतं का? तुमचा मोठा मुलगा चालत होता का?" असं विचारलं की बरोबर उत्तर येतं.

पिढ्या कुणाला पाठ असतात? सोयरीक जुळवणाऱ्यांना. एका कुळात आपण लग्न करत नाही, म्हणून कूळ आणि पिढी त्यांना माहीत ठेवावीच लागते. लग्नाला, होळीला, मयताला सगळी कुळं एका जागी येतात. तिथं वही घेऊन बसा.

बायांची नावं सोडू नका. आम्ही पहिल्यांदा काढलेल्या वंशावळीत नुसते पुरुष होते. एका आजीनं विचारलं, "ही पोरं काय झाडाला लागली?" आम्ही खाली मान घातली. कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. विधवा, माहेरी राहिलेल्या, लग्न होऊन गेलेल्या मुली, घरजावई, सगळे लिहा. आज गाळलेलं नाव उद्या जमिनीवरून बाहेर जाईल.

दुसरं, पहिला आलेला मोठा आणि नंतर आलेला परका, असं या कागदाचं करू नका. एका गावात तसं भांडण सुरू झालं होतं. आज्यांनीच ज्यांना बोलावून जागा दिली, त्यांना नातवांनी उठवायचं का? कुणी कुणाला बोलावलं हेही वहीत लिहा.

आणि बुडितातल्या गावांचं काम सगळ्यात आधी करा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. एका आईची लेकरं कुणी तळोद्याकडं वसाहतीत, कुणी गुजरातमध्ये, कुणी अजून डोंगरावर. तिथला देवाचा दगड, पुरण्याची जागा, बांध पाण्याखाली गेले. त्या गावांचा पुरावा आता माणसांच्या डोक्यातच राहिला आहे.

काम असं करा. एका पाड्याला एक वही. घरटी एक पान, वर सगळ्यात जुनं नाव, खाली त्याची पोरं. एका माणसाची चार कागदांवर चार नावं असतील तर चारही एकाखाली एक लिहा. सांगणाऱ्याचं नाव, अंगठा, तारीख घ्या. मग ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. चूक असली तर लोकच सांगतील. वनहक्क समितीची सही घ्या. एक प्रत गावात, एक संघटनेत. मूळ वही कोणत्याही साहेबाला देऊ नका, झेरॉक्स द्या, पोच घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं निदान एका म्हाताऱ्या माणसाचा जबाब आणायचा. दिवाळीची वाट बघू नका. आम्ही बघितली, आणि गमावलं.

आमु आखा एक से! जिंदाबाद!