उभे राहण्याची भीती
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझ्या हातातला कागद थरथरतो आहे, हे पुढे बसलेल्यांना दिसतच असेल. घरात चौघांना पुरून उरणारी मी. पण सभेत उभी राहिले की छाती धडधडते, घशाला कोरड पडते.

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीच्या नळाचा प्रश्न ग्रामसभेत मांडण्याचे काम माझ्याकडे होते. सारे पाठ केले होते. नाव पुकारले, मी उठले आणि "काही नाही" म्हणून खाली बसले. तो उन्हाळा शेजारणींनी घागरी वाहून काढला. कुणी मला बोल लावला नाही, म्हणून तो अधिकच लागला.

पुढे गांधीजींचे आत्मचरित्र वाचनात आले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्या खटल्यास उभे राहिले, तो डोके गरगरू लागले. एक प्रश्न सुचेना. ३० रुपये फी परत घ्या, दुसरा वकील करा, असे सांगून ते निघून आले. त्याच गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे आपले पहिले जाहीर भाषण केले. आपल्या बांधवांचे हाल त्यांनी पाहिले होते. सांगण्यासारखे काही होते. आणि १९३९ साली आपल्या औंधच्या राजेसाहेबांनी कारभार प्रजेच्या हाती दिला, तेव्हा सल्ला घेतला तो याच गांधीजींचा!

धडधड म्हणजे संकटासाठी शरीराने केलेली तयारी. टाळत गेले की भीती वाढते. थोडेथोडे सामोरे गेले की ओसरते. मी आधी मंडळाची हजेरी वाचली, मग इतिवृत्त, मग आभार मानले. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत दोन वाक्ये बोलले. गेल्या ग्रामसभेत शाळेच्या वाटेवर दिवा मागितला. दिवा अजून लागायचा आहे. पण मागणी इतिवृत्तात लिहिली गेली आहे.

भीतीपायी एखादीला दुकानात वा लग्नकार्यातही जाववत नसेल, तर तो हट्ट समजू नका. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो.

एकच विनंती. पुढच्या बैठकीत सर्वांत मागे बसणाऱ्या भगिनीस हजेरी वाचायला द्या. ती अडखळली, तर हसू नका, पुढचे नाव सुचवूही नका, थोडे थांबा. ती वाचील.